कानसेन

संध्याकाळी मारवा कसा ऐकावा, हे समजावून सांगण्यात प्राध्यापकांचा हात कुणी धरू शकत नसे. "मारव्यात गवई षड्जावर मुद्दाम टेकत नाही. तो न लागलेला स्वर ज्याला ऐकू येतो, त्यालाच खरे कान!" असं म्हणून आजही त्यांनी भरलेलं सभागृह जिंकलं आणि टाळ्यांच्या धुंदीतच घर गाठलं.

दाराला कुलूप, किल्ली बायकोकडे. पायरीवर बसून ते फोनवर लेकीवर डाफरले, "तुझी आई ऐन संध्याकाळी कुठे उंडारतेय? मी इथे कधीचा ताटकळतोय!"



"आईचं ऑपरेशन नीट झालं, बाबा. आज आहे म्हणून आठवडाभर तुमच्या कानीकपाळी ओरडत होती ती."