मंगळाचं घड्याळ

आकाशनिरीक्षण मंडळाच्या सचिवकाकांनी बूट काढले, खुर्चीवर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे हात नेला.

"जपून हो भाऊजी," आई म्हणाली. "ती खुर्ची डुगडुगते. ह्यांनाही एकदा पाडलंय तिनं."

"वहिनी, चाळीस वर्षं आकाशाकडे बघत चालतोय. पडायची सवय आहे."

लेकीने खुर्ची घट्ट धरली. बाबांना जाऊन दहा दिवस झाले होते, तिला येऊन नऊ. तिची बॅग अजून अर्धीच उघडलेली होती. मनगटावरचं घड्याळही तिने इथल्या वेळेला लावून घेतलं नव्हतं. बघायची आणि मनातल्या मनात हिशेब करायची.

बाबा घड्याळजी होते. दुकानात लोकांची घड्याळं बरोबर करायचे आणि घरी हे एक मुद्दाम चुकवायचे. ती अकरा वर्षांची असताना मंगळावर सहा चाकांची एक गाडी उतरली. बाबांच्या मंडळातल्या शिक्षकांनी, पोस्टमननी, दातांच्या डॉक्टरांनी गाडीने पाठवलेले फोटो तुकड्यातुकड्याने जोडायचं काम आपणहून अंगावर घेतलं. बाबांच्या वाट्याला वेळ आली. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा. बाबांनी लंबकाची चकती खाली सरकवली आणि घड्याळ रोज बरोबर तेवढं मागे पडू लागलं. लंबकाच्या दांडीवर त्यांनी सुईने दोन रेघा कोरल्या होत्या. वरची आपली, खालची मंगळाची.

मग जेवणंही त्या घड्याळावर. आज एकला, उद्या एक चाळीसला. पाचेक आठवड्यांनी घर पुन्हा जेवायच्या वेळेला जेवायचं.

"मंगळ माझ्याच राशीला लागलाय," असं म्हणत आई ताटं घ्यायची.

"गाडी उठली का हो बाबा?" ती दप्तर भरताना विचारायची.

"आत्ताच. तोंड धुतेय."

ती बावीस वर्षांची झाली तेव्हा धुळीच्या वादळात गाडी गप्प झाली. त्याच वर्षी ती नोकरीसाठी परदेशी गेली. फोनवर आईच बोलायची. बाबा मिनिटभर यायचे. "थंडी किती आहे? झोप लागते ना?" एवढं विचारून फोन परत आईकडे. ते घड्याळ मात्र त्यांनी चालू ठेवलं होतं, वहीतल्या नोंदीसुद्धा. गाडी मेली तरी तिच्यासाठी त्यांच्याकडे वेळ होता. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आता मंडळाच्या नव्या वेधशाळेत हे घड्याळ काचेच्या कपाटात ठेवायचं होतं. पाटीही रंगवून झाली होती. 'मंगळाची वेळ. वीस वर्षं, एकही दिवस न चुकता.' खाली बाबांचं नाव. उद्घाटन रविवारी होतं. त्याआधी सचिवकाकांना फक्त वेळ तपासायची होती. लेकीला ती पाटी हवी होती. बाबांचं नाव दुकानाच्या फलकावरही नव्हतं. तिथे अजून आजोबांचंच होतं.

घड्याळ तसंच भिंतीवर ठेवून काका खाली उतरले आणि आधी वही उघडून बसले.

"'उणे चार. ऊन नाही. सगळं ठीक,'" त्यांनी वाचलं. "उणे चार? मंगळावर? बरं, भर दुपारी असू शकतं. 'संपर्क. अकरा मिनिटं.' हां, तिथून संदेश यायला तेवढी मिनिटं लागतात." त्यांनी पान उलटलं. "पण पुढच्याच नोंदीला चार? ग्रह अशा उड्या मारत नाही बेटा."

"दमले असतील," ती म्हणाली.

"पहिल्या वहीत साध्या स्वल्पविरामाचीही चूक नाही त्याची."

"काटे तेवढे मन लावून सांभाळायचे," आई म्हणाली. "वर्षातून दोनदा त्याच खुर्चीवर चढून एक तास मागे-पुढे करायचे. 'तिकडचा ऋतू बदलला' म्हणायचे. परवा किल्ली मी दिली. माझी सवतच ती, पण बंद पडू द्यायला जीव होईना."

काकांनी खिशातून फोन काढला. त्यावर त्यांनी मंगळाच्या त्या जागेची वेळ मांडून आणली होती. त्यांनी फोनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे.

"दोन वाजून दहा मिनिटं हवीत."

घड्याळात पावणेसहा वाजले होते.

"थोडाफार फरक पडणारच ना काका," ती घाईने म्हणाली. "वीस वर्षांत..."

"दोन मिनिटांचा पडला असता तर मी डोळे मिटले असते."

ते पुन्हा खुर्चीवर चढले. या वेळी त्यांनी घड्याळाचं काचेचं दार उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून लंबकाजवळ तोंड नेलं.

"चकती वरच्या रेघेवर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे हे मागे पडतच नाहीये. चकतीच्या स्क्रूवरची धूळ बघ, कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही." ते हळूच उतरले. "गाडी बंद पडली तेव्हाच त्याने मंगळ सोडला असणार. आम्हाला बोलला नाही. दर बैठकीला विचारायचो, काय रे, चालू आहे ना? चालू आहे म्हणायचा."

आईने पदराने वहीची कड पुसली.

"ती पाटी नाही लावता येणार, बेटा. मला वाईट वाटतंय. हे आपल्या पृथ्वीचंच साधं घड्याळ आहे." काकांनी बूट पायात चढवले. "तेही चुकीचं. इथे सव्वादहा वाजलेत आणि हे पावणेसहा दाखवतंय. एवढा निष्णात घड्याळजी, साडेचार तास मागे कशाला ठेवील?"

लेकीने खुर्ची सोडली आणि स्वेटरची बाही वर सरकवली. तिच्या मनगटावर पावणेसहा वाजले होते.