कॅप्टनचा शब्द

परदेशातल्या सामन्यात डोक्याला मार बसल्यापासून साधनाला धड उभं राहता येत नव्हतं. भारताच्या रग्बी संघाची कॅप्टन पल्लवी तिला भेटायला कुरुंद्याला आली.

"एवढं लागल्यावर खेळत काहून राहिली ही?" साधनाच्या आईनं, सुमनबाईंनी विचारलं.

तेच सांगायला पल्लवी एवढ्या लांब आली होती. ती सांगायला पुढं सरकली.

तेवढ्यात साधना म्हणाली, "कॅप्टन भायेर जा म्हणत व्हती, आई. मीच न्हाई ऐकलं."

"कॅप्टनचं ऐकू न्हाई का गं पोरी?" सुमनबाई लेकीवरच चिडल्या.

पल्लवीची मान खाली गेली. मैदानाबाहेर निघालेल्या साधनाचा हात धरून, "थांब, एवढा सामना काढ," असं तीच म्हणाली होती. आणि साधनानं ऐकलं होतं.