थोरलीचा डबा

"ताई, परत आलं."

परिचारिका हातातला ट्रे टेबलावर आदळून खाटेकडे धावली. मुलीने बाही वर केली. दंडभर लाल गांध्या उठल्या होत्या आणि ओठ सुजून जाड झाले होते. मांडीत इंजेक्शन गेलं, ऑक्सिजन लागला, डॉक्टर आले. बऱ्याच वेळाने मुलीचा श्वास ताळ्यावर आला, तेव्हा कुठे परिचारिकेच्या जिवात जीव आला.

मुलगी जंगलात झाडांच्या मोजणीचं काम करायची. तिथे तिला गोचीड चावली. एवढासा जीव, पण जाताना असं काही करून गेला, की चार पायांच्या जनावराचं मांस, चरबी, काही म्हणजे काही तिच्या अंगाला चालेना. त्रासही मोठा लबाड. खाल्ल्याबरोबर व्हायचा नाही, काही तासांनी उठायचा. माग काढावा तर तोवर ताटं धुऊन पालथी पडलेली.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून तिच्यासाठी सकाळ-संध्याकाळ फक्त भात आणि उकडलेल्या भाज्या यायच्या. तरी झटके येतच होते, आणि प्रत्येक झटका आधीच्यापेक्षा जोराचा.

"बाहेरून काहीतरी पोटात जातंय हिच्या," डॉक्टर दाराबाहेर येऊन म्हणाले. "शोधा, सिस्टर. पुढच्या वेळी ही आपल्या हाती लागेलच असं नाही."

परिचारिका डोळ्यांत तेल घालून पहारा देऊ लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने प्रेमाने जेलीची गोळी पुढे केली, ती हिने वरच्या वर हिसकावली.

"हाडं-कातडी उकळून करतात हे. विष आहे हिला."

बाई बिचारी ओशाळली. परिचारिकेला त्याचं काही वाटलं नाही. त्या पोरीवर तिचा जीव जडला होता. आईबाप नव्हते, थोरल्या बहिणीने वाढवलेली पोर. दुपारचं जेवण झालं की परिचारिका तिचे केस विंचरायची, गोळ्या एकेक करून तळहातावर ठेवायची आणि शेवटी आपल्या पिशवीतली ताकदीची कॅप्सूल द्यायची, लाल आणि मऊ.

"गिळ बाळा. अंगावर मूठभर मांस चढू दे."

"मांसाचं नाव नका काढू," मुलगी हसायची आणि गिळून टाकायची.

राहता राहिली थोरली. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची. मऊ भात, भोपळ्याची भाजी, याच्यापलीकडे काही नाही. परिचारिका डबा उघडून वास घ्यायची, चमच्याने तळापर्यंत ढवळून बघायची.

"घरात मांस शिजतं का?"

"ह्यांच्यासाठी शिजतं कधीतरी. पण हिची भांडी मी वेगळी ठेवलीत, सिस्टर."

"सगळे असंच म्हणतात."

दोन दिवसांनी, ऐन संध्याकाळी, पुन्हा झटका आला. या वेळी इंजेक्शनाने भागेना. घसा आतून मिटत चालला. डॉक्टर नळी घालायच्या तयारीला लागले. परिचारिका मुलीच्या तोंडाजवळ वाकली.

"काय पोटात गेलं, बाळा? कोणी दिलं?"

मुलीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, ओळख न पटल्यासारखं. ओठ महाप्रयासाने हलले.

"ताईने... ताईने दिलं."

मग नळी आत गेली आणि बोलणं संपलं.

थोरली बाहेर भिंतीला टेकून उभी होती. परिचारिकेने तिला सगळ्यांदेखत धारेवर धरलं.

"तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. ताईने दिलं म्हणाली. काय घातलं होतं त्या डब्यात?"

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? अहो, मी कशी काय..." दरवानाला ताकीद मिळाली, हिला आत सोडायचं नाही.

डबा बंद झाला. मुलगी नळीवर आणि सलाइनवर पडून होती, आणि अंगावर साधी एक गांधीही उठली नाही.

"चोर सापडला म्हणायचा," डॉक्टर म्हणाले. परिचारिकेला आनंद झाला नाही. सख्ख्या बहिणीने एवढा हलगर्जीपणा करावा, याचा तिला संताप आला होता.

अखेर नळी निघाली. दुपारी परिचारिकेने स्वतः चमच्याने भात भरवला. मुलगी सारखी दाराकडे बघत होती.

"म्हा..." तिच्या घशातून कसाबसा आवाज निघाला.

"जे काय म्हणायचंय ते उद्या म्हण. घशाला विश्रांती दे आता." परिचारिकेने गोळ्या दिल्या, कॅप्सूल दिली, पांघरूण नीट केलं.

संध्याकाळी ती घरी जायला निघाली, तर वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर थोरली बसलेली. मांडीवर तोच डबा. तिला हाकलायचं दरवानाच्या जिवावर आलं असावं. इतक्या दिवसांत परिचारिकेला पहिल्यांदा तिची कणव आली.

"नळी काढली. भात खाल्ला तिने."

थोरली पदर तोंडावर धरून रडली. बराच वेळ रडली.

"दारातून बघा एकदा. पण काही द्यायचं नाही."

"नाही देत. सिस्टर, एक विचारू? रागावू नका. ती नक्की ताईच म्हणाली?"

"माझ्या कानांनी ऐकलंय."

"म्हणूनच कळत नाही मला." थोरलीने डोळे पुसले. "आई गेल्यापासून मी सतत तिच्यावर खेकसत असते, म्हणून ती मला म्हातारी म्हणते. ए म्हातारे, अशीच हाक मारते. ताई म्हणून तिने मला जन्मात कधी हाक मारलेली नाही."

परिचारिकेचा हात पिशवीत गेला. ताकदीच्या कॅप्सूल बोटांना लागल्या, त्या जेलीच्या गोळीसारख्याच मऊ.

दाराआडून घोगरा, घाबरलेला आवाज आला.

"ताई, परत आलं."