गुरुवारची सीडी

या, जरा पुढं सरका. टाळ खाली ठेवा. चहा उकळतोय तोवर एक हकिकत सांगतो. फुकट वाटलेल्या विद्येची आहे, आणि माउलींच्या कृपेनं शेवट गोड आहे.

साल २००५. गडहिंग्लजच्या नेट कॅफेत निशिगंधा पडद्याकडं डोळे लावून बसली होती. परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठानं आपले वर्ग साऱ्या जगाला फुकट उघडे केले होते. फी नाही, जात नाही, वयाची अट नाही. पण गडहिंग्लजात गत अशी, की देवळाचं दार उघडं आणि वाट चिखलाची. प्रोफेसरांनी खडू उचलला की चित्र तिथंच थिजायचं.

आणि पोरीला घाई होती. कोल्हापूरचा एक ट्रस्ट जिल्ह्यातल्या एकाच मुलाची इंजिनिअरिंगची फी भरणार होता. परीक्षा दोन, जागा एक. ती हुकली तर वडिलांनी कागलचं स्थळ बघूनच ठेवलं होतं.

तिचे मामा बाळासो एस.टी.वर ड्रायव्हर. कोल्हापूरच्या फेरीत केबिनजवळ बसेल त्याला ते सांगत, "आमची निशिगंधा चित्र हलायची वाट बघत बसतीया बघा."

पुढच्या गुरुवारी मामांनी तिच्या हातात सीडी ठेवली. आत अख्खी व्याख्यानं, कुठं न अडकता चालणारी.

"कुणी दिली?"

"कोल्हापुरातनं आलीया. जोतिबाची आण घातलीया, नाव सांगायचं न्हाय."

"कुणीतरी सर असतील."

"असतील की."

मग दर गुरुवारी सीडी येऊ लागली. इंग्रजी उमगेना, तर निशिगंधा एकच वाक्य पुन्हा पुन्हा लावायची, कीर्तनात धृपद घोळवावं तसं. कॅफेवाला कृष्णात वैतागायचा, "गोऱ्याचं भजन किती ऐकशील, बाई?"

"पाठ होईस्तोवर."

पहिल्या परीक्षेची यादी लागली. दोघीच उरल्या, निशिगंधा आणि कोल्हापूरची मनाली.

"तिच्या घरातच इंटरनेट हाय म्हणं," आई तानाबाई म्हणाली. "तिच्याम्होरं तू काय टिकतीस?"

हे बोलणं निशिगंधाच्या जिव्हारी लागलं. मनालीवर दात-ओठ खातच तिनं शेवटची सीडी बघितली. फिरत्या चाकाचा धडा होता. दुसऱ्या परीक्षेत नेमका तोच आला.

निशिगंधा पहिली आली. मामांनी स्टँडवर एवढा हॉर्न वाजवला की कंट्रोलर बाहेर धावला. तानाबाईनं कागलला निरोप धाडला, "पोरगी शिकाय चाललीया. दुसरी बघा."

ट्रस्टच्या दारात निशिगंधा पेढ्यांचा पुडा छातीशी धरून म्हणाली, "मामा, आता तरी सरांकडं न्या. पाया पडते त्यांच्या."

"सर कुठलं, बाई." मामांनी जिन्याकडं बोट केलं. "ती मनाली उतरतीया बघ. शेवटची सीडी तर तिनं यादीत तुझं नाव वाचल्यावर दिलीया."

मंडळी, उद्या आरतीला हात जोडाल, तेव्हा त्या मनालीची तेवढी आठवण ठेवा.