दीपगृहातली बाई

दीपगृहात राहणाऱ्या पोरक्या मुलीची ती गाजलेली कादंबरी तिला तोंडपाठ होती, पण स्वतः तिनं ती कधी वाचलीच नव्हती. लहानपणी रोज झोपताना बाबाच वाचून दाखवायचे. बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना पुस्तक हाती लागलं, आणि चाळिशीची ही बाई पसारा तसाच टाकून जमिनीवर फतकल मारून वाचत सुटली.

शेवटचं पान संपलं तशी ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत बसली होती. तशी सावत्र आई, ती सहा वर्षांची असताना घरात आलेली. पण हे तिला मुद्दाम आठवावं लागायचं.

“आई, बाबांनी मला चक्क गंडवलं गं! ती बाई पुस्तकात नाहीच. दीपगृहावर नवीन राहायला येते ती. मुलगी बोलत नाही, तरी तिच्या उशाशी बसून राहते. वेणी वाकडी झाली की हसते आणि पुन्हा घालते. माझी सगळ्यात लाडकी होती ती! आणि इथे बघ, नुसता म्हातारा, मुलगी आणि एक बकरी.”

आईचे हात थांबले.

“नाहीच?” तिनं पुस्तकाकडे बघत विचारलं. “अगं, मी रोज दाराआड उभी राहून ऐकायचे. आज त्या बाईनं काय केलं ते ऐकायचं आणि उद्या तुझ्याशी तसंच वागायचं. नाहीतर मला कुठं काय येत होतं?”