उघडं नाव

"द. आता त्याच्यापुढे आबाजींचं नाव. चल आजी, रेडी? वन, टू, थ्री!"

"द," शकुबाई म्हणाली आणि गप्प बसली.

हिमानीने मोबाईल खाली घेतला. सकाळपासून हेच चाललं होतं. घरातल्या बाकी सगळ्यांची नावं घेऊन झाली होती. गाडी अडली होती ती आबाजींपाशी.

सौंसरच्या शाळेत हिमानीच्या अकरावीच्या वर्गाची ग्रीसमधल्या एका शाळेशी ऑनलाइन दोस्ती जमली होती. दोन्हीकडच्या मुलांनी आपसात इंग्रजी बोलायचं आणि एकमेकांची भाषा थोडी थोडी शिकायची. या वेळचं काम साधं होतं. घरच्या प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेऊन त्याची ओळख करून द्यायची, तीही ग्रीक पद्धतीने, नावाआधी 'द', म्हणजे इंग्रजीतला 'the', लावून. व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. सगळ्यात चांगला व्हिडिओ दोन्ही शाळांच्या गॅदरिंगमध्ये दाखवणार होते. आणि तो आपलाच असणार, असं हिमानीने भर वर्गात सांगून टाकलं होतं. मागच्या वर्षी हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज फुटत नव्हता, तीच ही हिमानी!

आता तर ती ग्रीसच्या एलेनीचं इंग्रजीसुद्धा सुधारायची. ग्रीक लोक माणसाच्या नावालाही 'द' लावतात, म्हणून एलेनी इंग्रजी बोलतानाही "द हिमानी इज माय फ्रेंड" म्हणायची. हिमानी ऐटीत सांगायची, "इंग्रजीत सूर्याला 'द', चंद्राला 'द'. हिमानीला नाही."

"पण हे 'द' हाय तरी काय वं, पोरी?" शकुबाईने विचारलं.

"आजी, ज्याच्याबद्दल बोलून राहिलो तो दोघांनाही माहीत आहे. दुसरा कुणी नाही, तोच. हे सांगायला 'द'."

शकुबाईचा चेहरा खुलला. "मंग नाव कायले पाहिजे? 'द' म्हटलं का समजून घ्याचं! माह्यावाला दुसरा कोण हाय या घरात?"

हिमानीने मोबाईल पुन्हा वर धरला.

गजानन आबाजी धुतलेली टोपी घालून कधीचे खुर्चीवर बसले होते. त्यांना आता राहवेना. "घे ना वं. नाव घेतल्यानं मी काही मरून नाही राहिलो."

"तुम्ही चूप बसा."

"लग्नात तं घेतलं होतं!"

"तवा उखाण्यात घेतलं. असं उघडं नाव घेतेत का कोणी?"

"मग उखाण्यात घे!" हिमानी जवळजवळ ओरडलीच. "कशातही घे, पण घे!"

शकुबाईने पदर सारखा केला. घसा खाकरला. आणि जिला चार तास एक शब्द जड जात होता, ती एका दमात म्हणाली,

"संत्र्याच्या फोडीवर पांढऱ्या शिरा,
गजाननरावांचं नाव घेते, मोबाईल बंद करा!"

आबाजी लाजले. टोपी काढून त्यांनी पुन्हा घातली. हिमानीने मात्र कपाळाला हात लावला. एक नाव हवं होतं, इथे संत्रं आलं, शिरा आल्या, मोबाईल आला. पुन्हा म्हण म्हटलं तर आजी आता उठून स्वयंपाकघरात निघाली होती. हिमानीने नाइलाजाने खाली इंग्रजी अर्थ टाकला. व्हिडिओसोबत भरायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, 'तुमच्या भाषेत 'द' कसा लावतात?' तिने लिहिलं, 'मराठीत 'द' नाही.' आणि दिला पाठवून.

सोमवारी शाळेतल्या मोठ्या स्क्रीनवर ग्रीसच्या मॅडम आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मराठीत 'द' नाही, असं कुणी लिहिलं?"

हिमानी उभी राहिली.

"चूक आहे."

मागच्या बाकावर खसखस पिकली. हिमानीचे कान तापले. मॅडमनी शकुबाईचा उखाणा लावला आणि विचारलं, "मग आजोबांच्या नावाआधी हे काय आहे?"

हिमानीचा आवाज पुन्हा मागच्या वर्षीसारखा बारीक झाला. "मॅडम, आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव उघडं घेत नाहीत. आधी काहीतरी लावावं लागतं."

"आम्हीही उघडं घेत नाही," मॅडम हसल्या. "आम्ही एक छोटासा शब्द लावतो आणि त्याचा केवढा अभिमान बाळगतो! तुमच्या आजींनी अख्खी कविता लावली. गॅदरिंगला हाच व्हिडिओ."

टाळ्या वाजल्या. मागचा बाक सगळ्यात जोरात वाजवत होता. तेवढ्यात स्क्रीनवर एलेनीने हात वर केला. तिच्या आजीने व्हिडिओ पाहिल्यापासून आजोबांना नुसतं 'द' लावायचं सोडलं होतं. आता त्या आजीलाही नावाआधी लावायला एक कविता हवी होती.

हिमानी बसमधून उतरली ती घरापर्यंत पळतच आली. सगळं एका श्वासात सांगितलं. शकुबाईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि एखाद्या मास्तरणीसारखी सरसावून बसली.

"तिच्या मालकाचं नाव काय?"

"योर्गोस."

"त्याइच्या वावरात काय पिकते? संत्रे?"

"नाही गं, ऑलिव्ह. ते झाडावरून तोडून खाल्लं तर कडूजहर लागतं. महिनोन्‌महिने मिठाच्या पाण्यात मुरवावं लागतं, तेव्हा कुठे तोंडात घेववतं."

शकुबाईने खुर्चीत बसलेल्या टोपीकडे एकवार पाहिलं.

"नवऱ्यावानीच हाय मंग," ती म्हणाली. "लिही."