अठरा चुकीचे होकार

एकोणतिसाव्या शब्दालाही बाबांनी ‘हो’ म्हटलं. हिल्केच्या हातातलं पेन क्षणभर थांबलं आणि पुन्हा टेबलावर टकटक करू लागलं.

काम सोपं होतं. ग्रोनिंगेन शहरातल्या आपल्या स्मृती-प्रयोगशाळेत तिनं ते शेकडो म्हाताऱ्यांकडून करून घेतलं होतं. आधी वीस शब्द वाचून दाखवायचे. अर्ध्या तासानं त्यांत वीस नवे मिसळून एकेक विचारायचा, हा मघाशी ऐकला होता का? तिच्या बाबांनी, वुबोंनी, जुन्या विसांच्या विसांना हो म्हटलं. नव्यांतल्या अठरांनाही.

आठवण कशी चालते हे मांडणारी दोन गणितं हिल्के ताडून पाहत होती. एक म्हणत होतं, बाबांना आठवतंय, फक्त होकाराकडे कल फार आहे. दुसरं म्हणत होतं, ते नुसते ठोकून देताहेत.

भावाला, राइंडरला, संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. बाबांना बांधाकाठच्या घरात एकटं राहू द्यायचं की वृद्धाश्रमात न्यायचं? “तुझी गणितं तुझ्यापाशी ठेव, ताई,” तो फोनवर म्हणाला होता. “गॅस बंद केलात का विचारलं तरी ते हो म्हणतात.” हिल्केनं त्याला झाडलं होतं. जन्मभर येणाऱ्या प्रत्येक बोटीला कालव्याचे दरवाजे उघडून देणाऱ्या माणसाच्या तोंडी नकार येणार तरी कुठून?

कल आणि आठवण वेगळी करायची एक रीत होती. कल उलटा फिरवायचा. जे खरंच आठवत असतं, ते तरीही टिकतं.

जेवणात मोहरीचं सूप झालं. मग तिनं नवी यादी वाचली आणि अर्ध्या तासानं बजावलं, या खेपेला बहुतेक शब्द नवे आहेत, अगदी खात्री असेल तरच हो म्हणा.

बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. आणि अडतीस वेळा ‘नाही’ म्हटलं. उरलेल्या दोन होकारांतला एक जुन्या शब्दाला होता, एक नव्याला.

दोन्ही गणितांचं एकमत झालं: बाबांना शब्द आठवतच नव्हते.

हिल्के उठली. खिडकीपर्यंत गेली, परत आली. मग चेहरा अगदी कोरा ठेवून तिनं विचारलं, “बाबा, जेवणाआधीही आपण असेच शब्द वाचले होते का?”

त्यांनी तिचे डोळे पाहिले, ओठ पाहिले, पुन्हा डोळे. तिथे काहीच सापडेना. ते कासावीस झाले.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “काय म्हणू?”